कागद कुणाच्या नावावर?

घरातले महत्त्वाचे कागद कुठे ठेवलेत, हे घरातल्या बाईलाच विचारावं. रेशनकार्ड, सातबाऱ्याचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे जन्मदाखले, कुणाच्या तरी शस्त्रक्रियेचे जुने रिपोर्ट... सगळं तिनेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबरबँड लावून, कपाटात साड्यांच्या घडीखाली सरकवलेलं असतं. घरात पुराचं पाणी शिरलं तर आधी उचलायची ती हीच पिशवी. पण मैत्रिणींनो, त्या पिशवीतल्या किती कागदांवर तिचं स्वतःचं नाव असतं?

हा प्रश्न आज काढायला निमित्त आपल्या गावातलं नाही, फार लांबचं आहे. गेले काही दिवस दोन ठिकाणच्या बायकांबद्दल वाचते आहे. एक मुलूख कुर्दांचा, सगळा डोंगराळ. दुसरा प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटांचा, जिथे डोंगर नावालाही नाही. पहिल्या ठिकाणी युद्धाने बिऱ्हाडं उठवली, दुसऱ्या ठिकाणी समुद्र उठवतो आहे. वरवर पाहिलं तर दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हीकडे बाईच्या वाट्याला काय येणार हे बऱ्याचदा एका कागदावर ठरलं, आणि तो कागद कुणाच्या नावावर होता यावर ठरलं.

आधी कुर्दांबद्दल. तीन ते चार कोटींचा हा समाज. स्वतःची भाषा, स्वतःची गाणी, पेहराव, सगळं आहे. देश मात्र नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२०च्या सेव्हर्सच्या तहात त्यांना वेगळ्या देशाची आशा दाखवली गेली, आणि १९२३च्या लोझानच्या तहात ती गुपचूप पुसली गेली. मधल्या मधे त्यांचा मुलूख तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया अशा चौघांत वाटला गेला. चार भावांच्या भांडणात वाटणीला आलेल्या विहिरीसारखी गत झाली. डोंगराशिवाय आपल्याला कुणी मित्र नाही, अशी म्हणच त्यांच्यात आहे.

सीरियातली गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९६२ साली ऑक्टोबरमध्ये हसाका प्रांतात सरकारने एका दिवसात खास जनगणना उरकली. १९४५च्या आधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा दाखवा, म्हणाले. आता खेड्यातला शेतकरी सतरा वर्षांपूर्वीचा पुरावा कुठून आणणार? सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचं नागरिकत्व त्या मोजणीत गेलं. एकाच घरात एक भाऊ नागरिक आणि दुसरा परदेशी, असंही झालं. ज्यांची 'परदेशी' म्हणून नोंद झाली त्यांना निदान एक लाल कार्ड मिळालं. ज्यांची नोंदच झाली नाही त्यांना तेही नाही. ते कागदावर जन्मलेच नव्हते.

याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होता ते बघा. स्वतःच्या नावावर घर नाही, शेत नाही. सरकारी नोकरी नाही. पासपोर्ट नाही. लग्नाची रीतसर नोंद नाही. सीरियाच्या कायद्यात नागरिकत्व येतं ते वडिलांकडून, त्यामुळे बाई स्वतः नागरिक असली तरी तिने अशा माणसाशी लग्न केलं की तिची मुलंही बिनकागदाची. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकराला आपलं नागरिकत्व देण्याचा हक्क आईला नाही! आणि हे फक्त सीरियातलं समजू नका. जगातल्या वीसहून अधिक देशांत आजही आईला बापाइतका हा हक्क नाही. पन्नास वर्षांत त्या १ लाख २० हजारांची पोरंबाळं, नातवंडं धरून आकडा तीन लाखांच्या घरात गेला. २०११ साली, देशात बंडाळी सुरू झाल्यावर, सरकारला एकदम आठवण झाली आणि लाल कार्डवाल्यांना नागरिकत्व देण्याचा हुकूम निघाला. नोंदच नसलेले त्या वेळीही बाहेरच राहिले.

इराकमधली कथा याहून काळी. १९८३ साली बारझान भागातल्या कुर्द टोळीचे सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे सद्दाम हुसेनच्या सैनिकांनी पकडून नेले. ते परत आले नाहीत. मागे उरल्या त्या नुसत्या बायका. त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. २००५मध्ये त्यांतल्या काहींचे अवशेष दक्षिणेच्या वाळवंटातून आणून बारझानच्या मातीत पुरले गेले, म्हणजे बावीस वर्षांनी. नेलेला लहान दीर, पोरगा जिवंत असता तर तोवर स्वतः बाप झाला असता.

पुढे १९८८मध्ये 'अन्फाल' नावाची मोहीम झाली. गावंच्या गावं जाळली, बुलडोझर फिरवला, विषारी वायू सोडला. १६ मार्च १९८८ला हलब्जा शहरावर टाकलेल्या विषारी वायूने सुमारे पाच हजार माणसं मेली. अन्फालमध्ये किती मेले याचे अंदाज वेगवेगळे आहेत. ह्युमन राइट्स वॉच ही संस्था किमान पन्नास हजार, कदाचित एक लाख म्हणते; कुर्दांचा स्वतःचा आकडा १ लाख ८२ हजारांचा आहे. माणसांना किर्कुकजवळच्या तोपझावा छावणीत आणायचे, पुरुष एका बाजूला, बायकामुलं दुसऱ्या बाजूला. तिथे त्यांच्याकडची ओळखपत्रं आणि पैसे काढून घेतले जात. म्हणजे आधी कागद नेला, मग माणूस.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये माफी जाहीर झाली आणि वाचलेल्या बायकांना सरकारने वसवलेल्या रुक्ष वसाहतींमध्ये आणून सोडलं. घर नाही, जनावरं नाहीत, परत जायला गाव नाही. नवरा मेला म्हणावं तर मृतदेह नाही, मृत्यूचा दाखला नाही. जिवंत म्हणावं तर येत का नाही? ना धड सवाष्ण, ना विधवा. दुसरं लग्न करायची सोय नाही, सासरच्या वाटणीत हक्काने काही मागायची सोय नाही, दिवस घालायचे तर कुठल्या तिथीला घालायचे? (हे शेवटचं आपल्या भाषेतलं, पण दुःख तेच.) विटा वाहून, दुसऱ्याच्या शेतात मजुरी करून, सिगारेटी विकून या बायकांनी पोरं वाढवली. वर बिनपुरुषाची बाई म्हणून लोकांच्या नजरा होत्याच. या बायकांशी पुढे बोललेल्या अभ्यासकांनी लिहिलंय की कित्येक जणी वीस वर्षांनीही दार वाजलं की दचकून बघत. २००७मध्ये बगदादच्या विशेष न्यायालयाने अन्फाल हा वंशसंहार होता असा निकाल दिला, गुन्हेगारांना शिक्षा झाली. निकाल महत्त्वाचाच आहे. पण दरम्यान त्या बायकांची तरुणपणाची वर्षं गेली, त्यांचं काय, याचं कलम कुठल्याच कायद्यात नाही.

१९९१च्या वसंतात पुन्हा पळापळ. आखाती युद्धानंतर कुर्दांनी उठाव केला, तो चिरडला गेला, आणि पंधरा लाखांहून अधिक माणसं इराण आणि तुर्कस्तानच्या दिशेने डोंगरात निघाली. बर्फ, चिखल, पायात धड चपला नाहीत. तुर्कस्तानने सरहद्द अडवली. लहान मुलं आणि म्हातारी माणसं थंडीने, जुलाबांनी गेली. हे सगळं टीव्हीवर दिसलं म्हणूनच असेल, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ५ एप्रिल १९९१ला ६८८ क्रमांकाचा ठराव केला आणि उत्तर इराकमध्ये कुर्दांसाठी सुरक्षित टापू उभा राहिला. त्याच दशकात तुर्कस्तानात सैन्य आणि कुर्द बंडखोर यांच्या लढाईत आग्नेय भागातली सुमारे तीन हजार गावं नि वाड्या रिकाम्या झाल्या. तिथल्या बायका शहरांच्या कडेला झोपड्यांत आल्या. त्यांना फक्त कुर्दी येत होतं, दवाखान्यातल्या डॉक्टरला फक्त तुर्की. पोटात कुठे दुखतंय हे सांगायला दहा वर्षांच्या पोराला दुभाषा म्हणून न्यायचं. बाईचं दुखणं आणि सांगणार पोरगा! कल्पना करा.

अलीकडचं तर आपल्यालाही आठवत असेल. सप्टेंबर २०१४मध्ये 'इसिस'ने कोबानी शहराला वेढा घातला आणि चार-पाच दिवसांत लाखाहून जास्त माणसं तारेच्या कुंपणापलीकडे तुर्कस्तानात गेली. पुढच्याच वर्षी, २ सप्टेंबर २०१५ला, लाल शर्ट घातलेलं एक लेकरू बोद्रुमच्या किनाऱ्यावर वाळूत पालथं पडलेलं जगाने पाहिलं. अलान कुर्दी त्याचं नाव. कुटुंब मूळचं कोबानीकडचं. त्याची आई आणि भाऊही त्याच रात्री बुडाले. डोंगरातली माणसं समुद्रात का जातात? तर पासपोर्ट, व्हिसा नसेल तर विमानाचं तिकीट मिळत नाही, दलालाची होडी मिळते. आणि होडीचा दर विमानाच्या तिकिटाहून कितीतरी जास्त असतो.

त्यानंतरही हे थांबलेलं नाही. २०१८मध्ये तुर्की सैन्य अफ्रिनमध्ये शिरलं आणि लाखभर कुर्द तिथून निघून तल रिफातच्या आसपास आले. पडक्या घरांना ताडपत्र्या लावून त्यांनी संसार मांडला. डिसेंबर २०२४मध्ये, असद राजवट कोसळत होती त्या आठवड्यात, त्यांतल्या बहुतेकांना तिथूनही गाडीवर गाद्या बांधून पूर्वेकडे निघावं लागलं. मधल्या सहा वर्षांत अफ्रिनमधल्या त्यांच्या घरांत दुसरी कुटुंबं राहायला आली होती. घर आपलं हे सिद्ध करायला पुन्हा कागद लागतो. तो बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, आणि तो माणूस बेपत्ता किंवा मेलेला.

आता समुद्राकडे वळू. त्याआधी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी, कारण हे दोन्ही मुलूख त्याच्या आयुष्यात एकत्र आले. बेहरूझ बूचानी, इराणमधल्या इलामचा कुर्द पत्रकार. अटकेच्या भीतीने देश सोडला आणि २०१३मध्ये होडीतून ऑस्ट्रेलियाकडे निघाला. ऑस्ट्रेलियाने त्याला पापुआ न्यू गिनीतल्या मानूस बेटावर नेऊन कोंडलं. कुटुंबं आणि लहान मुलं असलेल्यांना नौरू या बेटावर ठेवत होते. तिथे त्याने चोरून मिळवलेल्या मोबाइलवर, व्हॉट्सअॅपचे संदेश पाठवत पाठवत एक अख्खं पुस्तक लिहिलं. २०१९च्या जानेवारीत त्या पुस्तकाला ऑस्ट्रेलियातला एक मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, आणि लेखक तेव्हाही मानूसवरच अडकलेला! शेवटी तो न्यूझीलंडला पोचला आणि २०२०च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारने त्याला निर्वासित म्हणून आश्रय दिला. चांगलंच झालं.

पण त्याच न्यूझीलंडच्या दारात आणखी एक माणूस उभा होता. योआने तेतिओता, किरिबाती या बेटांच्या देशातला. २००७मध्ये बायकोबरोबर न्यूझीलंडला आला, तिथे तीन मुलं झाली, व्हिसा संपला. आमच्या बेटावर विहिरी खारट होताहेत, पिकं जळताहेत, राहायची जमीन कमी होत चाललीय आणि तिच्यावरून मारामाऱ्या होताहेत, आम्हाला निर्वासित म्हणून राहू द्या, असं त्याचं म्हणणं. न्यायालयांनी नाकारलं. २०१५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाकारलं आणि दोन महिन्यांनी सगळं कुटुंब परत पाठवण्यात आलं.

का? तर निर्वासितांबद्दलचा जो १९५१चा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो पाच कारणं मानतो: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या विशिष्ट समाजगटातलं असणं आणि राजकीय मत. यांपैकी कशासाठी तरी तुमचा छळ होण्याची भीती हवी. म्हणजे तुमच्या मागे कुणीतरी लागलेला हवा. समुद्र तुमची जात विचारत नाही, पक्ष विचारत नाही. न्यूझीलंडच्या न्यायालयाने तर एक गमतीशीर आणि खरी गोष्ट नोंदवली. एरवी निर्वासित ज्याच्या भीतीने पळतो त्याच्यापासून लांब जातो. इथे मात्र ज्या श्रीमंत देशांच्या धुराने समुद्र चढतोय त्यांच्याच दारी हा आसरा मागतोय. मुद्दा अचूक आहे, पण त्यावरून निष्कर्ष काय काढायचा? ज्याने घर पाडलं त्याच्याच दारी माणूस जाणार नाही तर कुणाच्या जाणार?

तेतिओता संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेला. जानेवारी २०२०मध्ये तिचा निर्णय जाहीर झाला. त्याच्या बाबतीत 'नाही'च, पण पुढे कधी एखाद्याला जिवावर बेतेल अशा ठिकाणी परत पाठवलं तर तो जगण्याच्या हक्काचा भंग होऊ शकेल, असं समितीने पहिल्यांदाच म्हटलं. दोघा सदस्यांचं मत वेगळं पडलं. त्यांतल्या एक स्त्री सदस्या होत्या, आणि त्यांनी बोट ठेवलं ते पिण्याच्या पाण्यावर. पाणी मिळतं एवढं म्हणून भागत नाही, ते प्यायला सुरक्षित आहे का हे सरकारने दाखवायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. घागर डोक्यावर वाहिलेल्या कुठल्याही बाईला हे पटेल.

बेटावर समुद्र कसा येतो, हेही समजून घेऊ. आपल्या डोळ्यांसमोर येते ती मोठी लाट. तशी ती कधी येतेही. पण बहुतेक वेळा समुद्र खालून येतो. ही बेटं प्रवाळांची, समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. विहीर त्या थरात. १९०१पासून २०१८पर्यंत जगातल्या समुद्राची पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि अलीकडे ती वर्षाला साडेतीन मिलिमीटरहून जास्त वेगाने वाढते आहे. ऐकायला हे चिमूटभर वाटतं. पण मोठी भरती आणि वादळ एका वेळी आलं की तो चिमूटभर फरक बांध ओलांडायला पुरतो. गोडा थर खारावतो, आणि सगळ्यात आधी मरतो तो अळकुडीसारखा मोठा कंद. तुवालूत त्याला पुलाका म्हणतात. गोड्या पाण्यापर्यंत खोल खड्डा खणून, त्यात पालापाचोळा घालून तो वाढवायचा. एकेक खड्डा पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याचा. आज कित्येक खड्ड्यांतलं पाणी खारट आहे, लोक विकतचा तांदूळ आणि पीठ खातात, आणि पावसाचं पाणी टाक्यांत साठवून ठेवतात. टाकीचा तळ लागला की घरात सगळ्यात शेवटी कुणाची आंघोळ होते, ते मी सांगायला नको.

तुवालू म्हणजे नऊ बेटं, लोकसंख्या सुमारे अकरा हजार. आपल्याकडची एखादी मोठी ग्रामपंचायत. या देशाने ऑस्ट्रेलियाशी २०२३मध्ये एक करार केला, २०२४मध्ये तो लागू झाला. त्यानुसार दरवर्षी २८० जणांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहता येईल, नावं चिठ्ठीने निघणार. २०२५च्या मध्यावर पहिली नोंदणी झाली तेव्हा कुटुंबं धरून देशातल्या बहुसंख्य माणसांची नावं तिच्यात होती. चिठ्ठी निघाली त्यांनी लगेच जायलाच हवं असं नाही, परतही येता येतं. करार त्या मानाने समजूतदार आहे. तरी विचार करा, अख्ख्या देशाने लॉटरीत नाव घातलंय, आणि निघताना शेजारणीची चिठ्ठी आली, आपली नाही.

मला मात्र सर्वांत जास्त शिकण्यासारखी वाटली ती कार्टरेट बेटांची गोष्ट. ही बेटं पापुआ न्यू गिनीतलीच, जिथे बूचानीला कोंडलं होतं त्याच देशातली, पण बोगनव्हिल भागातली. उंची जेमतेम दीड मीटर. शास्त्रज्ञ म्हणतात, इथे समुद्र चढतोय तशी जमीनही खचत असावी. कारण काहीही असो, ह्यूने नावाच्या बेटाचे समुद्राने मधून दोन तुकडे केले आणि कंदाच्या बागा खाऱ्या झाल्या.

या बेटांवर जमीन आईकडून मुलीकडे जाते. नवरा बायकोच्या जमिनीवर राहतो. त्यामुळे जमीन बुडायला लागली तेव्हा निर्णय कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. २००६मध्ये बेटांवरच्या जाणत्यांनी सरकारची वाट बघणं सोडलं आणि स्वतःची संस्था काढली, 'तुलेले पेइसा'. त्यांच्या भाषेत अर्थ होतो, लाटांवरून आपलं आपण जाणं. तिची सूत्रं दिली उर्सुला राकोवा या हान बेटावरच्या बाईंकडे. त्यांनी पैशाच्या आधी जमीन शोधली. कॅथलिक चर्चने बोगनव्हिलवर तिनपुट्झ भागात जमीन दिली. २००९मध्ये काही बाप आणि त्यांचे मुलगे आधी गेले, घरं बांधली, बागा लावल्या, मग बायकामुलं गेली. कोको लावला, म्हणजे हातात पैसा येईल.

पण यातलं खरं शहाणपण वेगळंच आहे. बोगनव्हिलवरही जमीन बायकांकडून बायकांकडेच जाते. तेव्हा चर्चने कागद दिला म्हणून भागणार नव्हतं, तिथल्या बायकांनी 'या' म्हणायला हवं होतं. म्हणून आधी भेटीगाठी, जेवणावळी, दोन्हीकडच्या तरुण मुलांचं येणं-जाणं. कारण एकदा तोंड पोळलं होतं. १९८०च्या दशकात सरकारने कार्टरेटची काही कुटुंबं बोगनव्हिलवर नेली होती. १९८८पासून तिथे दहा वर्षं यादवी युद्ध झालं आणि ती बिचारी आपल्या बुडत्या बेटावर परत आली. एकीकडून समुद्र, दुसरीकडून बंदुका! कायदा युद्धाचे निर्वासित वेगळे आणि पाण्याचे वेगळे मोजतो, तो या कुटुंबांना कुठल्या रकान्यात घालणार? सीरियातही २००६नंतरच्या दुष्काळात हसाका भागातली खेडी ओस पडली होती. त्याचा पुढच्या युद्धाशी किती संबंध, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्या खेड्यांतल्या बाईला आधी दुष्काळ आणि मग युद्ध, दोन्ही भोगावं लागलं एवढं नक्की.

कार्टरेटचं सगळं गोडगोड झालं असं मात्र समजू नका. गेली ती मोजकीच कुटुंबं, काही परतलीही. पैसा अपुरा, जमीन अपुरी. म्हाताऱ्या बायका बेट सोडायला तयार नाहीत, आईबापांची थडगी तिथे आहेत. तरीसुद्धा, जायचं कधी, कुठे, कुणाच्या शेजारी, हे त्यांनी स्वतः ठरवलं. अन्फालच्या बायकांना यातलं काहीच ठरवता आलं नव्हतं.

आपण म्हणू, हे झालं लांबचं. पण विस्थापन आपल्या भाषेला नवं नाही. फाळणीने 'निर्वासित' शब्द घरोघरी पोचवला, धरणांनी 'धरणग्रस्त' हा शब्द रुळवला. कोयनेची माणसं कुठल्या कुठे जाऊन वसली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६मध्येच केला, बऱ्याच राज्यांच्या आधी. आणि १९७९च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात काय होतं? सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब धरावं. सज्ञान मुलीचा उल्लेखच नव्हता. बुडणाऱ्या शेतात दोघंही राबली असतील, नव्या जमिनीचा विचार एकाचाच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमाराला 'लक्ष्मीमुक्ती' काढली, अनेक गावांत शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर केला. तेव्हा पुष्कळ जण हसले होते. आपल्या देशाने तो १९५१चा करार केलेला नाही, हेही सांगून ठेवते.

मला वाटतं, नवे करार नि नवे कायदे होतील तेव्हा होतील. पण पुनर्वसनाची कुठलीही योजना, मग ती युद्धाची असो की पाण्याची, घराचा आणि जमिनीचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावाने काढण्यापासून सुरू व्हायला हवी. यासाठी कुठल्या परिषदेच्या ठरावाची गरज नाही, कारकुनाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवायची गरज आहे. आणि बेपत्ता माणसाच्या बायकोला 'बेपत्ताची पत्नी' म्हणून रीतसर दाखला मिळायला हवा, जो दाखवून तिला घर मागता येईल, मुलाचं नाव शाळेत घालता येईल. इराकने डिसेंबर २०२२मध्ये सिंजारच्या यझिदींची त्यांच्या घरांवरची मालकी मान्य केली. १९७०च्या दशकात गावं पाडून तिथे नेऊन वसवलं, तेव्हापासून त्यांच्याकडे मालकीचा कागद नव्हता. सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, होऊ शकतं.

बेटांच्या बाबतीत जुलै २०२५मध्ये एक मोठी गोष्ट घडली. वानुआतूतल्या कायद्याच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी २०१९मध्ये एक कल्पना मांडली, ती वाढत वाढत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने सल्ला दिला की हवामान सांभाळणं ही सर्व देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि एखाद्या देशाची जमीन गेली म्हणून तो देशच संपला असं होत नाही. तुवालूने २०२३मध्येच आपल्या राज्यघटनेत तसं लिहून ठेवलं होतं. म्हणजे तुवालूचा झेंडा राहील, समुद्रातल्या मासेमारीवर हक्क सांगता येईल. त्या नऊ बेटांवर जमीन मात्र घराण्यांच्या सामाईक मालकीची, आणि तिच्या वाटणीचे जुने नियम मुलग्यांकडे झुकलेले. आजीने खणलेल्या पुलाकाच्या खड्ड्यात नातीचा वाटा नातवापेक्षा कमी का, हा प्रश्न हेगच्या न्यायाधीशांपुढे कुणी नेला नव्हता. तो फुनाफुटीतल्या बायकांनाच त्यांच्या गावसभेत विचारावा लागणार आहे.